मधली सहा मिनिटं

निनादनं भिंतीवर टीव्ही लावला,
तेव्हा घड्याळ हलवावं लागलं.
ते आता स्वयंपाकघरात आहे,
आणि हॉलमध्ये किती वाजले
ते कोणालाच ठाऊक नसतं.

सिनेमा रोज असतो आमच्याकडे.
कुकरची तिसरी शिट्टी झाली की नायक थांबतो,
तोंड अर्धं उघडं,
कुंदा गॅस बंद करून येईस्तोवर.
कुरिअरवाला आला, थांबतो.
भंडाऱ्याहून फोन आला, थांबतो.
एकदा तर नायिका पुलावरून उडी मारता मारता
तीन दिवस हवेत होती;
चौथ्या दिवशी नातवानं कार्टून लावलं.
ती अजून पडलेली नाही.

मे महिना. शेचाळीस डिग्री.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
मी बारा ते तीनला निघालो.
‘काऊन जाता?’ कुंदा म्हणाली,
‘महिन्याभरात घरीच येते तो.’

दीपमाला टॉकीज, इतवारीच्या मागल्या अंगाला.
खिडकीतला म्हणाला, दहा तिकिटं झाली
तरच मशीन चालू होईल, नाही तर पैसे वापस.
एक औषधांच्या बॅगेचा,
दोघं कॉलेजातले, ज्यांना पडद्याशी काही घेणं नव्हतं,
दोन हमाल,
एक बाई डब्यासकट,
मी.
मग सायकल टेकवून एक म्हातारा आला.
आठ.
त्या उन्हात आम्ही वर्गणी केली,
गणपतीला करतात तशी,
दोन रिकाम्या खुर्च्यांसाठी.
दारावरच्या माणसानं तीही तिकिटं फाडली,
अर्धी-अर्धी, नियमानं.

आत वाळ्याचा वास, कूलरची घरघर,
आणि अंधार, जो रिमोटवर कुठंच नसतो.
औषधवाला नावं सरायच्या आत घोरायला लागला.

मध्यंतरानंतर मला उठावं लागलं.
शुगर आहे.
इथं कोण थांबतो कोणासाठी?
सिनेमा माझ्यावाचून पुढं गेला,
मुतारीच्या भिंतीतून
काहीतरी धडाधड कोसळताना ऐकू येत होतं.

चाचपडत परतलो, हमालाच्या पायावर पाय.
शेजारी तो म्हातारा.
काय झालं हो?
तो कानाशी वाकला, गालात खर्रा.
‘भावानं चिट्ठी लिहिली. डब्ब्यापर्यंत गेला.
हात आत घातला, अन् तसाच काढला.
चिट्ठी खिशात.
मंग उभ्या उभ्या चहा पिला.’

शेवटी भाऊ घर सोडतो.
पडद्यावरची सगळी म्हणतात, दगड आहे, दगड.
मी एकटा त्याच्या खिशाकडे पाहत बसलो.

बाहेर पडल्यावर नाव कळलं, मोतीराम पराते.
मिल बंद पडली तेव्हापासून बारा ते तीन.
इतकंच बोलला, आणि सायकलची तापलेली सीट
दुपट्ट्यानं झाकून निघून गेला.

महिन्याभरात तो सिनेमा घरी आला.
मध्यंतर नव्हतंच, पण जागा मी ओळखली.
‘आता चिट्ठी,’ म्हणालो, आणि सरसावून बसलो.
बाजारातून गाड्या सुटल्या.
टरबुजं फुटली. मांडव कोसळले.
सहा मिनिटं.
भाऊ त्यात कुठंच नव्हता.

‘कोणती चिट्ठी?’ पल्लवीनं विचारलं.
निनादनं मागं नेलं, दोनदा.
टरबुजं सांधली जाऊन हातगाडीवर चढली,
परत फुटली.
‘बाबा, तुम्ही झोपले असाल.’
मी हो म्हटलं.

मागच्या शुक्रवारी परत गेलो.
पराते खिडकीशीच होता, मोजत.
‘तुम्ही नववे,’ म्हणाला.
कोणाची होती ती चिट्ठी,
विचारलं नाही.
फक्त मध्यंतरानंतर उठलो,
गरज नसताना,
आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून
मनातल्या मनात
सहा मिनिटं मोजली.