रकाना क्रमांक सात

डिसेंबरात आमच्या गावी सरकार येतं.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांना चुना लागतो,
आणि आमच्या प्रयोगशाळेतला फोन
वर्षातून एकदा वाजतो:
"मॅडम, तारांकित प्रश्न आहे. पाचपर्यंत माहिती द्या.
रकाने रिकामे सोडू नका."

सहा रकाने मी भराभर भरले.
मंजूर निधी. मिळालेला निधी.
मधल्या अंतराला रकाना नव्हता.
पदे: एक. भरलेली: एक,
म्हणजे मी, अकरा महिन्यांच्या करारावर, पाचव्यांदा.
रकाना सात: बरे झालेले रुग्ण.

बुटीबोरीहून नायट्रोजनची गाडी गुरुवारी येते.
ड्रायव्हर कॅन उतरवतो, थकलेलं बिल विचारतो,
"ताई, हे शेवटचं हं," म्हणतो. चौथ्यांदा म्हणाला.
उणे एकशे शहाण्णव अंशांत
एकेचाळीस नळ्या झोपल्या आहेत,
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
मला नावं पाठ आहेत. नियमात ते बसत नाही.

शालिक गजभिये काटोलच्या रोपवाटिकेत
डोळे भरतात: जंबेरीच्या खुंटाला चीर,
आत संत्र्याचा डोळा, वरून पट्टी.
हात इतका बसलेला की बोलता बोलता
माझ्या टेबलावरच्या रबरालाही नखानं चीर देत होते.
त्यांच्या सम्यकच्या रक्तातल्या पेशी
काचेखाली विळ्यासारख्या वाकलेल्या.
थंडी पडली की पोरगा रात्रभर गुडघे धरून बसायचा.
मी समजावत होते,
आम्रपालीच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा,
त्यात मूळ पेशी असतात, त्या याच्या अंगात...
"थांबा," ते म्हणाले. "तुम्ही डोळा नाही भरत.
झाड उभंच ठेवता अन् खालचा खुंट बदलता.
आमच्या धंद्यात हे कोणाले नाही जमलं, बाप्पा."
मी नंतर बराच वेळ त्या रबराकडे बघत होते.

आधी ते वर्धा रोडला गेले होते,
जिथे फलकावर गुडघा, मधुमेह, टक्कल,
न बोलणारी लेकरं, सगळ्यांना एकच इंजेक्शन.
दोन लाख दहा हजार.
पावती मागितली तर नारळपाणी दिलं.
त्या दाराशी कुठला रकाना जात नाही.

दुपारी मोबाइलवर सभागृह.
एक सदस्य उठले:
"उपकेंद्रात हातमोजे नाहीत, अध्यक्ष महोदय,
अन् इथे गोठवलेल्या नळ्यांना कोटी!"
बाकं वाजली.
मला राग यायला हवा होता.
पण मी गेलेय अशा एका उपकेंद्रात.
नर्स मोजे धुऊन कुंपणावर वाळत घालायची,
पाच पाच बोटं वाऱ्यावर हलत राहायची,
बोलावत होती की नको म्हणत होती, कळायचं नाही.
मंत्री म्हणाले, तपासून पाहू.

आता रकाना सात.
सम्यकचं प्रत्यारोपण इथे झालंच नाही.
इथे झाली फक्त जुळणी, दहापैकी दहा.
बाकी सगळं परगावी, प्लॉट विकून, एका ट्रस्टच्या चेकवर.
मग तो कोणाच्या रकान्यात?
परवा शालिकभाऊंचा फोन होता.
पोराचा रक्तगट बदलला, बी होता, ओ झाला.
"पोट्टं बहिणीसंगं भांडते, मॅडम,
अन् तेही तिच्याच रक्तानं!"
आणि त्याच वॉर्डातली दुसरी मुलगी,
जिला चार भावंडं आणि एकही जुळलं नाही,
तिची नळी क्रमांक सतरा. तिच्याबद्दल
त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

शून्य लिहिलं. खोडलं.
एक लिहिलं. खाडाखोड चालत नाही,
नवा नमुना काढला.
पावणेपाच झालेत.
बाहेर टेकडी रोडवर कुठला तरी मोर्चा अडवलाय,
भोंग्यातला आवाज येतो, शब्द येत नाहीत.
मी टाकीचं झाकण उघडते,
लाकडी पट्टी तळापर्यंत सोडते, वर काढते,
जिथवर दव गोठलंय तिथवर मोजते.
अकरा सेंटिमीटर.
मंगळवारपर्यंत पुरेल.