पाण्याचा रकाना

दर शनिवारी सासरे गच्चीवर जायचे,
काखेत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन,
अंगात ॲसिडने चाळण झालेला तोच सदरा,
जो मला कधी टाकू दिला नाही.
वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजात, तळमजल्यावर,
बॅटरी रूम नावाच्या आंबूस खोलीत
हसुराम म्हात्रे एकतीस वर्षं
चोवीस बरण्यांना पाणी पाजत होते.
"आख्ख्ये वाशीचा हॅलो
माझे हातशी जायाचा," म्हणतात.

मार्चमध्ये गच्चीवरच्या चारही बॅटऱ्या विकल्या.
तुर्भ्याचा भंगारवाला काटा घेऊन आला,
शिशाचा भाव त्याने मोबाइलवर पाहिला.
सासऱ्यांनी झाकणांवरची धूळ बाहीने पुसली,
पोराला परगावी पाठवताना
तोंड पुसतात तशी.

नवी आली ती पांढरी, भिंतीला टांगलेली,
आवाज नाही, वास नाही.
बसवायला ऐरोलीची शबिस्ता,
स्क्रू दातांत धरून बोलणारी.
"आत किती?" "सोळा सेल, बाबा."
"आमच्या चोवीस होत्या."
"हिला काही लागत नाही. दहा वर्षं
बघायचंसुद्धा नाही."
सासऱ्यांनी कॅन खाली ठेवला.
"यो पानी नाय पीत?
मंग जगतंय कशाव?"

मी हसले.
मग पुढच्या शनिवारी ते गच्चीच्या दारात दिसले,
दोन्ही हात रिकामे,
कुठे ठेवावेत ते न कळणारे.

पोराच्या मोबाइलवर आकडा येतो: सत्त्याऐंशी टक्के.
त्यांचा विश्वास नाही.
हायड्रोमीटरची नळी अजून खणात आहे,
साडेबाराशेच्या रेघेशी डुलणारा
काचेचा तरंगा त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.
"टक्के सांगतंय कोन? तीच ना?
जेवलीस का तिलाच इचारायचा,
नि हो म्हनली का गप बसायचा?"

मेच्या एका शुक्रवारी रात्री नऊला
घणसोली गावठाणाची केबल जळाली.
खड्डा खणायला माणसं सकाळी येणार, असं कळलं.
गल्लीत उजेड एकच, आमच्या जिन्यातला,
त्यामुळे सगळे तिथेच.
चौदा मोबाइल एका बोर्डावर,
तीन घरांचं इन्सुलिन आमच्या फ्रिजच्या दारात,
आणि निराबाईंची दोन किलो कोलंबी,
जिच्यावरून थोडं भांडणही झालं.
सासरे प्लास्टिकच्या स्टुलावर बसले,
कॅलेंडरच्या पाठी पेन्सिलने हिशेब मांडला.
पाच युनिट. तासाला साडेचारशेच्या वर नाय.
पंखे दोन, म्हातारी नि तान्ही यांना.
टीव्ही कोनाचाच नाय.
पारसिकच्या डोंगरामागून ऊन यायला सात.
"तवर पुरवू."

कोणी त्यांना विचारलं नव्हतं.
कोणी नाहीही म्हटलं नाही.

पहाटे पाचला मला जाग आली तेव्हा
ते गच्चीवर, पांढऱ्या डब्यावर
उलटा हात टेकवून उभे.
"जरा तापलंय," म्हणाले,
ताप बघणाऱ्या माणसाच्या आवाजात.
सातला मोबाइलवर सहा टक्के होते.
मी दाखवायला गेले, त्यांनी पाहिलं नाही.
पत्र्यावर ऊन आलं होतं, ते बघत होते.

वही अजून चालू आहे,
एक्स्चेंजच्या छापील रकान्यांची:
तारीख, व्होल्ट, ग्रॅव्हिटी, पाणी, सही.
व्होल्ट मी वाचून सांगते.
ग्रॅव्हिटी कोरी.
पाण्याच्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ.
कॅनमधलं उरलेलं पाणी
मी वाफेच्या इस्त्रीला वापरते,
हे त्यांना परवा कळलं.
काही बोलले नाहीत, फक्त "किती?" विचारलं.

या शनिवारी रेघ नाही.
लिहिलंय: इस्त्री, पाव लिटर.
पुढे सही.