फुग्यांतली अक्षरं माझी होती

चित्रं न्झुझीची, फुग्यांतली अक्षरं माझी.
असं अकरा वर्षं.
किन्शासात, माटोंगेच्या मागच्या गल्लीत,
पंक्चरवाल्याच्या डोक्यावरच्या खोलीत,
पानावर सहा चौकटी, दर शनिवारी सोळा पानं,
सायक्लोस्टाइलची शाई बोटांना,
बोटांची पावाला.

आमचा नायक टॅक्सीवाला,
पोलिसांना गंडवणारा, बायकोला टरकणारा.
ती त्याला एका रेषेत पळवायची.
मी त्याच्या तोंडी लिंगालातल्या रसरशीत शिव्या घालायचो
आणि मासे विकणाऱ्या बाया त्या पाठ म्हणायच्या,
नाव मात्र न्झुझीचं घ्यायच्या.
मला काही वाटायचं नाही.
म्हणजे, थोडं वाटायचं.

रस्त्यापलीकडे बार.
तिथे तिचा जुळा भाऊ न्सिम्बा,
अर्ध्या तासाने मोठा, गिटार वाजवायचा.
साडेदहापर्यंत गाणं सरळ चालायचं:
प्रेम, पत्र, नदीपलीकडून न परतलेली होडी.
मग गायक बाजूला होऊन घाम पुसायचा
आणि सेबेन सुरू व्हायचं.
शब्द संपतात तिथून पुढची गिटार,
तेच चार सूर, पुन्हा, पुन्हा,
दर खेपेला नवा हट्ट घेऊन,
आणि अख्खी गल्ली कमरेने विचार करू लागायची.

तेव्हा तिचा हात थांबायचा.
एकदा म्हणाली, हे काढता येत नाही रे.
मी म्हणालो, काढ की एक फुगा,
आत टाक दोनचार सूर, शेपटीवाले.
तिने माझ्याकडे पाहिलं,
पट्टीच्या पोहणाऱ्याने
नकाशातल्या नदीकडे पाहावं तसं.

मग एका रात्री वीज गेली.
अ‍ॅम्प्लिफायर मेला. नाच थांबला नाही,
नुसत्या पायांवर चालत राहिला.
ती वर आली, कंदील लावला,
चौथ्या चौकटीत पळणाऱ्या टॅक्सीवाल्याचा पाय
ओढला तो पाचवीत गेला,
मधल्या पांढऱ्या पट्टीला न विचारता सहावीत,
तिथून पानाबाहेर, टेबलावर,
तिथून माझ्या शर्टाच्या बाहीवर.

त्या शनिवारी अंक निघाला नाही.
त्यानंतरही नाही.

पिठाची तीन पोती उसवून तिने एकाला एक शिवली,
पाट्या रंगवणाऱ्याकडून उधारीवर डबे आणले.
पंधरा दिवस खोलीत टर्पेंटाइन आणि शिट्टी.
मी विचारलं, गिटार पिवळी का?
पिवळी नाही ती, म्हणाली, तिला उशीर झालाय.
मी गप्प बसलो. हे कुठल्या फुग्यात मावणार होतं?

चित्र पुरं झालं तेव्हा
न्सिम्बा बघायला आला, बराच वेळ उभा राहिला,
मग म्हणाला, तिसरा सूर चढलाय.
तिने ब्रश उचलला, लालाला जरा उतरवलं.
दोघं हसली. काय बदललं
ते मला आजही दिसलेलं नाही.

खालच्या कोपऱ्यात मात्र एक पांढरा ठिपका होता,
लांबट, अंड्यासारखा, कोरा.
मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलाय.
रात्रभर त्यात मनातल्या मनात
काय काय लिहून पाहिलं,
एक शिवी, एक माफी, स्वतःचं नाव.
सकाळी धीर करून विचारलं.
तो? ती म्हणाली. तिथे रंग संपला.

आता मी खालच्या दुकानाच्या पाट्या लिहितो.
हवा भरून मिळेल. उधारी बंद.
अक्षर चांगलं आहे, लोक म्हणतात.
साडेदहाला ब्रश धुतो.
पलीकडे गायक बाजूला होतो,
आणि माझं तोंड आपोआप उघडतं,
त्यातून काहीच येत नाही,
पाय मात्र हलत असतो.