कोरडा पुठ्ठा

पहिल्यातून दुसऱ्यात जायला गाडी राजीच नव्हती.
हँकॉकच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं,
काटा पस्तिशीला टेकला की मग
मानेला हिसका देऊन, धाडकन, दुसरा.
मागच्या सीटवरची अंडी दोनदा फुटली.

सत्त्याहत्तर सालची ओल्ड्समोबाइल, सिल्वी मावशीची.
पुलाजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं,
गिअरबॉक्स गेला, दोन हजार आठशे डॉलर.
दुसऱ्यानं उघडून पाहिलं
आणि तीन हजार सांगितले.
मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते.
तीन हजार म्हणजे अख्खा हिवाळा.

शेवटी शेजारचा रेइनो हार्यू.
वय एक्याऐंशी, दिवसाचे शब्द वीसेक,
त्यातले निम्मे कुत्र्याशी.

“गरम करून आण.”
मी पुलापर्यंत जाऊन आले.
“बंद नको करू. पार्कमध्ये राहू दे.”
त्यानं तेलाची पट्टी ओढली,
बनियनच्या चिंधीला पुसली,
परत घातली, परत ओढली,
मग नाकाशी नेली,
मासा ताजा आहे का बघावं तशी.

लाल. स्वच्छ. करपल्याचा वास नाही.
पण खुणेच्या बरंच खाली.
“महिन्यात किती ओतलंस?”
दोन बाटल्या.
“जमिनीवर डाग?”
मी आठवडाभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता.
तो त्यानं उचलला, उजेडात धरला,
डॉक्टर एक्स-रे धरतात तसा.
एक ठिपका नाही.

म्हणजे तेल कुठेतरी मुरत होतं.

तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.
“दाब.” मी ॲक्सिलरेटर दाबला.
पांढरा धूर त्याच्या गुडघ्यांभोवती.
मी म्हटलं, थंडीचा असेल, ऑक्टोबर आहे.
“थंडीचा विरतो,” रेइनो म्हणाला. “हा बघ, बसून राहिलाय.”

रॅम्पवर चढवून, इंजिन बंद करून,
तो पाठीवर सरकत आत गेला, मी टॉर्च धरला.
गिअरबॉक्सच्या कुशीत चहाच्या कपाएवढी एक डबी,
तिला इंजिनकडून आलेली करंगळीएवढी नळी.
त्यानं नळी उपटली,
माझा तळहात मागितला
आणि तिचं तोंड त्यावर टेकवलं.
एक लाल थेंब.

मग त्यानं आठवड्याचे सगळे शब्द एकदम खर्च केले.
डबीत रबराचा पडदा असतो.
इंजिन पलीकडून ओढ घेतं,
त्या ओढीवरून गिअरबॉक्स ओळखतो
पायाखाली किती भार आहे.
पडदा फाटला की इंजिन गुपचूप त्याचं तेल पितं,
आणि त्याला काहीच कळेनासं होतं.
सपाट रस्त्यावरसुद्धा वाटतं,
आपण चढावरच आहोत,
गिअर सोडायची वेळ अजून आली नाही.

मला दोन-तीन माणसं आठवली.
नावं घेतली नाहीत.

डबी सव्वीस डॉलरची, टपालानं चौथ्या दिवशी आली.
एकच बोल्ट.
माझ्या पेस्टीच्या ट्रेमध्ये थोडं तेल ठिबकलं,
तो ट्रे आता त्याच कामाचा.
कप उचलताना रेइनोचा हात थरथरतो.
पाना धरताना नाही.

पैसे घेईना. म्हणाला, पुलापलीकडे सोड,
आयलीला भेटायचंय, बुधवार आहे.
(आयली त्याला आता बुधवारीच ओळखते,
असं तो म्हणतो. नर्स काही बोलत नाही.)

पूल वर उचललेला होता, आम्ही थांबलो.
खाली आला, निघालो.
मी मान ताठ करून हिसक्याची वाट बघत राहिले.
“दुसरा कधी पडायचा?” मी विचारलं.
“केव्हाच पडला,” तो म्हणाला.

आरशात धूर दिसत होताच.
“अजून दोन दिवस येईल,” रेइनो म्हणाला,
“आत साचलंय ते जळायला हवं ना.”
आणि खिशातून कंगवा काढला.