काना

कन्नमवार नगर. सातवी ब.
निबंधाच्या वह्या. विषय : माझा रविवार.
यशोधरा साळवेनं लिहिलंय,
‘मी लवकर उठलो. मैदानावर गेलो.
पहिल्याच बॉलला आउट झालो.’

लाल पेन घेतलं.
फक्त काना खोडायचा असतो,
‘लो’चा ‘ले’ होतो.
एवढीशी उभी रेघ,
स्टंप उपटावा तशी.

वर्गात वाचून दाखवलं, हसले सगळे.
सोहन हसताना रडायलाही लागला, कशावरून कोण जाणे,
आणि मी, बी.एड. झालेली बाई, म्हणाले,
‘रडतोस काय मुलीसारखा?’

तिची आई आली होती मधल्या सुट्टीत.
‘बाई, इमारतीत सगळे यशच म्हणतात हिला.
लहान होती तोवर गोड वाटायचं.
आता पाहुण्यांसमोर पण म्हणते, मी जेवलो.
तुम्ही तरी सांगा.’
मी सांगितलं.

माझी आई कागलची.
मी आलो, मी निजतो, असंच बोलायची,
तीन बाळंतपणं झालेली, कपाळभर कुंकू.
गावात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.
इथे आली तर नळावरच्या बायका हसल्या.
मग ती फार बोलेनाशीच झाली.
हे मी यशोधराच्या आईला सांगितलं नाही.

आठवीला युनिफॉर्म बदलतो.
सलवार कमीज, ओढणीची व्ही, दोन्ही खांद्यांना पिना.
मैदानावर मुलं म्हणाली, तू स्कोर लिही.
लिहिते म्हणे. अक्षर तसंही बरं नाही तिचं.

सहामाहीचा पेपर. विषय : मी पाहिलेला सामना.
‘मला पहाटेच जाग आली.
आईनं दोनदा हाक मारली.
ओढणी दप्तरात कोंबली.
शेवटच्या ओव्हरला एक जण कमी होता.
चेंडू वर गेला, उन्हात दिसेना,
पण हातात बसला.
मला ओरडावंसं वाटलं.’

दोन पानं. पुन्हा वाचली, पेन उघडं धरून.
एकाही क्रियापदात ती सापडत नव्हती,
मुलगा म्हणून नाही, मुलगी म्हणूनही नाही.
व्याकरण बिनचूक.
आणि शेवटची ओळ :
‘आम्ही जिंकलो.’

आम्ही म्हटलं की
बाईनं म्हटलं काय, बाप्यानं म्हटलं काय,
‘लो’च.
तो काना खोडता येत नाही.

दहापैकी साडेसात दिले.
खाली लिहिलं, अक्षर सुधार.
दुसरं काही सुचलं नाही.