आयत्या वेळचे विषय

इतिवृत्तात मी लिहिलं: 'सविस्तर चर्चा झाली.'
सतरा वर्षं हेच लिहितो आहे डिचोलीच्या पालिकेत,
गटार असो, गाडे असोत, की बाजारात मेलेला रेडा.

पण त्या संध्याकाळी सभागृहात
खुर्च्यांपेक्षा चाकं जास्त होती.
पोरांनी आपापल्या फळ्या मांडीवर घेतल्या होत्या,
मांजर घ्यावं तशा,
आणि एखादं चाक बोटाने उगाच फिरत राही
घर्रर्र, घर्रर्र,
नगराध्यक्षांच्या प्रास्ताविकाखालून.

पणजीहून आलेल्या वास्तुविशारद बाईंनी नकाशा पसरला.
त्यात झाडं गोल होती, सगळी एका मापाची,
आणि माणसं पांढरी, बिनचेहऱ्याची, हातात फुगे.
'हें आमचें न्हय,' मागून कोणीतरी म्हणालं.

पुंडलिक गावसांना भिंत हवी होती.
खाण बंद पडल्यापासून त्यांचे दोन ट्रक गवतात उभे आहेत,
तेव्हापासून त्यांना भिंती हव्या असतात.
फिलोमिना टीचरना घसरगुंडी पूर्वेला तोंड करून हवी:
'चार वाजता पत्रा तापतो. फ्रॉकवाल्या मुलींना विचारा.'
एकाला बुधवारच्या बाजारासाठी पार्किंग.
एकाला कारंजं. कारंजं कोणाला तरी नेहमीच हवं असतं.

रुजुता परवार, नववीतली, कोपरावर खपली,
उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.
म्हणाली, स्केटिंगच्या वाडग्याची कड फुटलीय अडीच बोटं,
तिथेच माझा दात गेला.
कड बदला,
पण खोली बदलू नका.
भीती तेवढीच लागते.

मी लिहिलं: 'खोलीबाबत सविस्तर चर्चा झाली.'

झुबेरला त्याची आई चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती.
तो म्हणाला, तुम्ही ज्याला उडी मारायचा उतार म्हणता
त्यावरूनच मी आत येतो.
दारात पायरी आहे.

यावर कोणी काही बोललं नाही.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

मग वीज गेली.

फिलोमिना टीचरच्या पर्समध्ये निवृत्तीनंतरही खडू असतात.
मैदान सभागृहाच्या मागेच.
मोबाइलच्या उजेडात पोरं वाकली
आणि ज्याचं त्याने आखायला घेतलं, खऱ्या मापाने:
इथे झोका, पाय इथवर येतात, म्हणून इथे कोणी बसायचं नाही.
झुबेर स्वतःच चाकं ढकलत निघाला
आणि मागून दोघं रेघ ओढत गेली,
तो वळला तिथे वाट वळली.
गावसांनीही खडू मागितला.
भिंत आखत आखत झोक्यापाशी पोचले,
थबकले,
भिंत दोन हात मागे घेतली,
मग आणखी दोन हात,
मग खडू संपला म्हणाले.

गणसंख्या अंधारात मोजता आली नाही.

सकाळी मी वही घेऊन गेलो, उतरवून घ्यायला.
लक्कव्वा झाडत होती,
पानं, वेफर्सची पाकिटं, सगळं रेघांच्या कडेकडेने,
एकीलाही केरसुणी न लावता.
तिची धाकटी एका गोलात बसली होती,
गप्प, परवानगी काढून बसल्यासारखी.
हा गोल कशाचा, मी विचारलं.
लक्कव्वाला माहीत नव्हतं. नकाशात तर नव्हताच.
पावलांनी मोजला. साडेचार.

कागदावर विषय संपले होते, एक ते सहा.
एक ओळ सोडून मी लिहिलं,
'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेले विषय:
एक गोल. साडेचार पावलं.
कशासाठी, ते बसणारीला विचारावे.'

नगराध्यक्षांनी न वाचता सही केली.