एकतीस बटणं

जर्मनीत या आजाराला दुकानाच्या काचेचं नाव आहे.
चालता चालता पोटरीत गोळा येतो
आणि माणूस थांबतो कुठल्याही काचेपुढे,
जणू किमतीच बघतोय.
कळ ओसरली की पुढे.

हिन्नर्क ल्यूर्स, ब्रेमरहाफेनच्या बंदरात
चौतीस वर्षं क्रेन चालवलेला,
बेकरीपासून निघायचा
आणि बटणांच्या दुकानापाशी थांबायचा.
रोज. वाऱ्यात टोपी धरून.

दुकानाच्या मालकीणबाई थेडा यान्सेन.
त्यांना वाटायचं, एकटा असेल,
कोटाचं बटण तुटलं असेल, आत यायला लाजत असेल.
पण दोन वर्षं? इतकं कोण लाजतं?
एकदा त्यांनी मुद्दाम नांगर कोरलेली पितळी बटणं
पुढच्या ओळीत मांडली.
त्याने पाहिली नाहीत.
मोजली.

डॉक्टर ओल्टमान्सनी नाडी शोधली:
जांघेत लागली,
गुडघ्यामागे पुसट,
पावलावर नाहीच.
पाऊल गार, रात्रभर धक्क्यावर पडलेल्या दोरखंडासारखं.
जेल लावून पेनाएवढं यंत्र टेकवलं.
मनगटावर ते बोललं चाबकासारखं: सप्प, सप्प.
घोट्यावर नुसती घरघर,
भिंतीपलीकडे कुणी धुणं खळबळावं तशी.
दंडावर दीडशे, घोट्यावर साठ.
भागाकार: शून्य दशांश चार.

"किती चालता?"
"बेकरी ते बटणं."
"थांबता किती?"
"आधी सतराला सुटायची. आता एकतीस होतात, तरी थोडी उरते."
"सेकंद?"
"बटणं."
डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.
मग सिगारेटचं विचारलं.
तो खिडकीबाहेर बघू लागला.

गोळ्या झाल्या. चालणं झालं,
दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला.
सिगारेट सुटली, तीही रडतखडत.
पण अंगठ्याजवळची जखम भरेना.
फुगा घालायचं ठरलं, तर तारच शिरेना;
वाट नव्हतीच, चुना होता.

आपल्या शाळेच्या पुस्तकात
या दोघींना मुलींची नावं आहेत.
रोहिणी हृदयापासून निघते, उड्या मारत.
नीला परत येते मुकाट,
वाटेत झडपा लावत, मागे काही सांडू नये म्हणून.
रोहिणी बुजली
तेव्हा मांडीतून नीला काढली
आणि उलटी करून जोडली,
कारण सुलटी जोडली तर
तिच्याच झडपा रक्ताला आडव्या येतात.
जन्मभर परतीचंच काम केलेली,
आता खाली धावणार, ठोके सोसत.
"शिकते ती," डॉक्टर म्हणाल्या, "भिंत जाड करते."
चिमटे सुटले.
यंत्र पावलावर टेकवलं.

सप्प.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नर्स बोटांचा रंग बघत राहिली,
राखेवरून गुलाबीकडे,
आणि कुणीतरी टाके मोजू लागलं.

एप्रिलमध्ये तो दुकानावरून सरळ पुढे गेला.
दुसऱ्या दिवशीही.
थेडाबाईंनी काच पुसली, मांडणी बदलली, परत पहिल्यासारखी केली.
रुसायला ओळख तरी कुठे होती?

मे महिन्यात दाराची घंटा वाजली.
"तिसऱ्या ओळीतलं हिरवं कुठे गेलं?"
"विकलं. मार्चमध्ये."
"तरीच. काल सहज थांबलो,
दुखत काही नव्हतं,
तर तीसच भरली."

दुसरा पाय अजून तपासायचा आहे, तोही तसा धड नाही,
असं काहीबाही तो सांगत राहिला.
थेडाबाईंचं लक्ष नव्हतं.
कोटाला वरून दुसरं बटण
खरंच नव्हतं.